३२ हजारांचा चुना

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अकोल्यात अवकाळी पाऊस पडला. जेमतेम अर्धा तास. बायकोनं अंगणातून हाक मारली, "अहो, पायपातून काय येतंय बघा!" गच्चीच्या पायपातून पांढरं पाणी पडत होतं, पातळ ताकासारखं. तुळशीच्या कुंडीभोवती त्याचं तळं झालं होतं. त्याच गच्चीसाठी बारा दिवसांपूर्वी मी ३२ हजार ४०० रुपये मोजले होते.

वरचा मजला आम्ही २०१६ मध्ये चढवला. दोन खोल्या, वर उघडा स्लॅब, पश्चिमेला भिंत. बांधताना उन्हाचा विचार कोणी केला नाही, मीही नाही. अकोल्याचा मे महिना माहीत असणाऱ्याला जास्त सांगायला नको. ४४-४५ तर रोजचंच. पण वर राहणाऱ्याचे हाल दुपारी होतात त्याहून जास्त रात्री होतात. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीनंतर ते खाली ओकायला लागतो. रात्री दहाला स्टुलावर चढून छताला हात लावला तर नुकताच उतरवलेला तवा वाटावा. पंखा लावला की तो छताखालची तीच तापलेली हवा डोक्यावर आणून ओततो. पूर्वी लोक संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे. आमच्याकडे नळ येतो चार-पाच दिवसांनी, गच्चीला पाजायला पाणी कुठून आणणार?

यंदा मुलगी नीटची तयारी करत होती आणि तिला अभ्यासाला वरचीच खोली हवी होती. परीक्षा मेच्या सुरुवातीला. म्हणजे मला घाई होती, आणि ती घाई माझ्या तोंडावर दिसत असणार.

गच्ची थंड ठेवणारं कोटिंग विकणारा तो आला मार्चच्या शेवटी, भर दुपारी दोन वाजता. वेळ त्यानं मुद्दाम निवडली होती हे आता कळतं. तिशीचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं मधासारखं. "काकाजी, मी काहीच बोलणार नाही. मशीन बोलेल." पिशवीतून त्यानं फूटभर लांबीरुंदीचा सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा काढला. अर्धा कोरा, अर्ध्यावर चंदेरी, चकचकीत थर. तो गच्चीवर उन्हात ठेवला आणि वीस मिनिटं त्यानं माझ्याकडून पाणी आणि चहा घेतला. मग पिस्तुलासारखा तो थर्मामीटर काढला. स्लॅबवर रोखला, ६१. कोऱ्या पत्र्यावर, ५८. चंदेरी भागावर, ३१.

३१! हवाच त्या वेळी ४१ होती. भर उन्हात पडलेली वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा दहा अंशांनी थंड कशी असेल, हा प्रश्न दहावीच्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. मी नुसता तो आकडा बघत राहिलो. त्या पत्र्यावर तळहात ठेवून बघावं हेही सुचलं नाही. ठेवला असता तर गोष्ट तिथंच संपली असती.

यातली गोम नंतर मुलीनं उलगडून दाखवली. हा थर्मामीटर वस्तूला शिवत नाही. वस्तूतून बाहेर पडणारे अवरक्त किरण मोजून तो तापमानाचा अंदाज बांधतो. सिमेंट, माती, साधा रंग, आपली कातडी यांच्यातून हे किरण भरपूर निघतात आणि स्वस्तातली यंत्रं सगळ्या वस्तू तशाच आहेत असं धरून चालतात. चकचकीत धातू मात्र कितीही तापला तरी स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि आरशासारखे समोरचे परत पाठवतो. उघड्या गच्चीवर समोर असतं आभाळ, आणि कोरडं निरभ्र आभाळ या यंत्राला चांगलंच थंड दिसतं. म्हणून तो पठ्ठ्या यंत्र सरळ न धरता थोडं तिरकं धरत होता. सरळ धरलं असतं तर त्या चकचकीत थरात त्याचं स्वतःचंच प्रतिबिंब पडलं असतं.

ओळखीच्या एसीवाल्याकडून यंत्र मागून आणून आम्ही घरीच करून पाहिलं. स्टीलचं ताट अर्धा तास उन्हात. यंत्र म्हणे ३४. मी बोट टेकवलं आणि शिवी तोंडात आली. मग मुलीनं ताटाला वायरिंगची काळी टेप चिकटवली, थोडं थांबली आणि टेपवर यंत्र रोखलं. ६३. ताट तेच, ऊन तेच. तुमच्या दारात कोणी असा चकचकीत नमुना घेऊन आला तर दहा रुपयांची टेप जवळ ठेवा. तेही नको असेल तर हात आहेच.

असो. मी भुललो. भाव ठरला फुटाला ३६ रुपये, ९०० चौरस फूट, 'दहा वर्षांची गॅरंटी'. १५ हजार आगाऊ यूपीआयनं दिले. पैसे गेले एका भलत्याच बाईच्या नावावर. विचारलं तर म्हणाला, "अकाउंटवाल्या मॅडम आहेत, काकाजी." पक्कं बिल काम झाल्यावर. कोटेशनवर जीएसटी क्रमांक छापलेला होता, तो मी सरकारी पोर्टलवर टाकून बघितला नाही. दोन मिनिटांचं काम. नंतर टाकला तेव्हा तो क्रमांक अस्तित्वातच नसल्याचं कळलं.

काम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. चार पोरं आली. गच्ची धुतली नाही, खराट्यानं झाडली फक्त. सकाळी अकराला सुरुवात, चारला संपलं, प्रायमर आणि दोन हात धरून. पाण्यात कालवायचा रंग पाय ठेववत नाही अशा तापल्या स्लॅबवर मारला की तो धड पकडायच्या आधीच वाळतो, हे साध्या पेंटरलाही माहीत असतं. म्हणून जाणकार माणूस हे काम पहाटे नाहीतर उन्हं कलल्यावर करतो, आणि दोन हातांमध्ये काही तास सोडतो. दुसरी गोष्ट बादल्यांची. चांगल्या कोटिंगची २० लिटरची बादली दोन हातांत साधारण ४००-५०० चौरस फुटांना पुरते. आमच्याकडे आली एकच, सील आधीच फोडलेलं, आणि तिच्यात पोरं बिनदिक्कत मगानं पाणी घालत होती. बायकोनं विचारलंही, पत्रा चंदेरी होता आणि हे पांढरं कसं? उत्तर तयार होतं. "ते प्रीमियम, हे इकॉनॉमी. काम एकच."

आणि खरं सांगायचं तर फरक पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरची खोली खरोखर बरी वाटली. स्लॅबवर यंत्र लावलं तर ४६ दाखवलं, आणि तो आकडा खोटा नव्हता, कारण पांढरा मळकट थर हे यंत्र नीट वाचतं. मी खूश होऊन उरलेले १७ हजार ४०० रोख हातात दिले. ही फसवणूक चालते ती इथंच. पांढरं काहीही फासलं तरी ऊन परतवतं आणि गच्ची थंड होते. गिऱ्हाईकाची खात्री पटते, पैसे चुकते होतात, आणि मग पाऊस येतो.

पाऊस गेल्यावर आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी उकिडवं बसून नखानं खरवडलं, बोटाला लागलेली भुकटी चोळून बघितली आणि माझ्याकडे वर पाहिलं. "भाऊ, कायचं कोटिंग? चुना हाय निव्वळ. फेव्हिकॉल बी घातलं नाही याच्यात. कितीले लावला तुमाले?" मी आकडा सांगितला. मिस्त्री सज्जन माणूस, हसले नाहीत. त्या रिकाम्या बादलीवरचं लेबल बायकोनं पाण्यानं भिजवून सोललं, तर खाली भिंतीच्या साध्या प्रायमरचं छापील नाव होतं.

मग मिस्त्रींनीच गच्ची घासून धुतली. चुना, पांढरं सिमेंट आणि फेव्हिकॉल कालवून दोन दिवस संध्याकाळी एकेक हात मारला. मजुरीसकट चार हजारांच्या आत. हे दहा वर्षं टिकणार नाही, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा मारावं लागेल, असं त्यांनी आधीच बजावलं. वर बांबूंवर हिरवी जाळी ताणली, स्लॅबपासून चांगली कंबरभर उंच, म्हणजे मधून वारा फिरतो. कूलर खिडकीत बाहेरून लावला आणि समोरची खिडकी उघडी ठेवायला लागलो. आधी आम्ही दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवत होतो आणि खोलीत नुसता दमटपणा कोंडत होतो. मुलगी परीक्षेपर्यंत वरच बसली.

पैशांचं म्हणाल तर पोलीस ठाण्यात सांगितलं गेलं की हा व्यवहारातला वाद आहे, अर्ज देऊन ठेवा. दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. अडचण एवढीच की नोटीस पाठवायची कुठं? कार्डावरच्या पुण्याच्या पत्त्यावर भाच्याला पाठवलं, तर तिथं रसवंती निघाली. हातात आहे ते यूपीआयवरचं नाव, कोटेशन, बादली आणि पाऊस पडल्यावर काढलेले फोटो.

त्याचा फोन बंद आहे. पण आगाऊ रक्कम देण्याआधी त्यानं मला 'समाधानी गिऱ्हाइकां'चे तीन नंबर दिले होते. तेव्हा त्यातल्या वाशीमच्या एका गृहस्थांशी मी बोललोही होतो. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं होतं. परवा बायकोच्या फोनवरून पुन्हा तोच नंबर लावला. मी फक्त "हॅलो, ते गच्चीच्या कोटिंगबद्दल..." एवढंच म्हणालो.

"बोला ना काकाजी, एकदम झकास काम आहे. घर थंडगार!"

आवाज मधासारखा. या वेळी मात्र ओळखला. मी विचारलं, "मशीन आहे का जवळ?"

फोन कट झाला.