कूर्चेच्या शस्त्रक्रियेनंतरचा वॉकर बूट: काही महिन्यांच्या वापरानंतर

घोट्याच्या सांध्यातल्या टॅलस हाडाच्या कूर्चेवर (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणावर) दुर्बिणीतून मायक्रोफ्रॅक्चर ही शस्त्रक्रिया केलेल्या खेळाडूंना आम्ही प्लास्टरऐवजी गुडघ्याखालपर्यंत येणारा, हवेच्या पिशव्यांचा वॉकर बूट देतो. कबड्डी, फुटबॉल, बॅडमिंटन खेळणाऱ्यांच्या पायांत तो काही महिने वापरून झाला. वस्तू चांगली आहे, पण ती नेमकी कशासाठी आहे हे कळलं नाही तर पैसे वाया जातात.

या शस्त्रक्रियेत सर्जन सुटी झालेली कूर्चा खरवडून काढतो, कडा सरळ उभ्या आणि घट्ट ठेवतो आणि उघड्या हाडाला ३ ते ४ मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रं पाडतो. हाडातल्या मज्जेतून आलेलं रक्त त्या खळग्यात गोठतं आणि त्यातून हळूहळू तंतुमय कूर्चा तयार होते. सुरुवातीचे काही आठवडे ती लोण्यासारखी मऊ असते. तिच्यावर वजन नको, पण सांधा मात्र हलायला हवा. प्लास्टरमध्ये सांधा आखडतो. बूट काढता येतो, त्याची खरी किंमत इथेच वसूल होते. आणि घातही इथेच होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं की खेळाडू रात्री बूट न घालता, कुबड्या न घेता बाथरूमला जातो.

घालताना बसून, गुडघा काटकोनात ठेवून टाच अगदी मागे टेकवा. आधी घोट्यावरचा पट्टा, मग पंजाचा, शेवटी पोटरीचे पट्टे खालून वर. टाच बोटभर जरी वर राहिली तरी ती प्रत्येक पावलाला घासते आणि मागे फोड येतो. हवा पाय घट्ट धरला जाईल एवढीच भरा. बोटांना मुंग्या आल्या तर लगेच कमी करा. पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा असेल तर सर्जनला सांगा. दुर्बिणीचं बाहेरच्या बाजूचं छिद्र तिथल्या त्वचेच्या नसेजवळूनच जातं, त्यामुळे दोष दर वेळी पट्ट्याचा नसतो.

टाके निघाले की सर्जनच्या परवानगीने दिवसातून तीन-चार वेळा बूट काढून पंजा वर-खाली करायचा. सोबत घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधून ठेवणारा पट्टा) शिवलं असेल तर पाऊल आत वळवायचं नाही. वजन कधी टाकायचं हे कूर्चेतल्या जखमेच्या आकारावर आणि सर्जनवर अवलंबून असतं. बऱ्याचदा सहा आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. परवानगी मिळाली की घरचा वजनकाटा घ्या, बुटासह पाय त्यावर ठेवा आणि २० किलोचा दाब कसा लागतो ते पायाला शिकवा. अंदाजाने टाकलेलं वजन जवळजवळ नेहमीच जास्त निघतं.

सगळ्यात जास्त तक्रार कंबरेची येते. बुटाचा तळ दोन-तीन सेंटिमीटर उंच असतो, म्हणून दुसऱ्या पायातला बूटही तेवढाच उंच करून घ्या. तळ गोलसर असल्याने ओल्या फरशीवर सटकतो. पावसाळ्यात अस्तर वाळायला दोन दिवस लागतात, जास्तीचं अस्तर घ्याच. वेल्क्रोत अडकलेला कापूस जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पट्टे चालता चालता सुटतात. उजव्या पायात बूट असताना गाडी चालवू नका. पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, शिरेत गुठळी झालेली असू शकते.

बुटाकडून भलती अपेक्षाही ठेवू नये. जखम साधारण १० ते १५ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा खालच्या हाडात पोकळी असेल तर मायक्रोफ्रॅक्चर फारसं टिकत नाही. तेव्हा बहुधा गुडघ्यातून हाडासह कूर्चेचा तुकडा आणून बसवतात. त्यासाठी घोट्याचं आतल्या बाजूचं हाड कापावं लागलं असेल तर बुटातून वजन टाकण्याआधी ते जुळल्याचं एक्स-रेवर दिसायला हवं. घोटा वारंवार मुरगळत असेल आणि लिगामेंट तसंच सोडलं असेल, तर नवी कूर्चाही पुन्हा झिजते.

बूट सुटल्यावर घोट्याला आधार देणारा लेसवाला ब्रेस, तीन-चार महिन्यांनी सरळ धावणं. सामना चार ते सहा महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. कबड्डीच्या चढाईला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण तिथे एका पायावर वळावं लागतं.

विकत घेताना चपलेच्या नंबरासोबत पोटरीचा घेरही मोजा आणि आखूड नव्हे, उंच बूट घ्या. वापरलेला मिळाला तर आधी तळ उलटा करून बघा. एका बाजूने झिजला असेल तर घेऊ नका.