जेएससी-१ए चंद्रमाती : माल चांगला, पण आधी नीट वाळवा

अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफजवळच्या मेरियम विवराची ज्वालामुखी राख दळून नासासाठी केलेली ही नकली चंद्रमाती. निम्म्याच्या आसपास काच, कण १ मिलिमीटरच्या आत, रंग आणि घडण चंद्रावरच्या काळ्या मैदानांसारखी. खणणं, चाकं रुतणं असल्या चाचण्यांना ती उत्तम. चंद्रावर ऊन लागून विद्युतभार चढला की धूळ आपोआप उडते असं मानतात; ते हिच्यात दिसतं का? दिसतं, पण पिशवी फोडून सरळ ताटलीत ओतली तर नाही.

अडचण ओलाव्याची. चंद्रावरचा कण ठणठणीत कोरडा असतो. आपल्या हवेतल्या कणावर पाण्याचा पापुद्रा बसतो आणि त्यावरून भार ओघळून जातो. म्हणून ३८ मायक्रॉनच्या (४०० मेश) चाळणीतून चाळायची, ११० अंश सेल्सिअसवर रात्रभर तापवायची आणि भट्टीतून काढली की लगेच निर्वात (हवा उपसून काढायच्या) कक्षात. थर २-३ मिलिमीटरच. जाड थरातून तासन्‌तास वायू निघत राहतो. चाळताना मास्क लावाच, ही धूळ फुप्फुसात खोल जाते.

सगळ्यात जास्त फसगत पंप लावताना होते. हवा झपाट्याने ओढली की कणांमध्ये अडकलेली हवा कारंजासारखी फुटते, धूळ उसळते आणि प्रयोग साधला असं वाटतं. तो नुसता वायू! व्हॉल्व्ह केसभर उघडून पहिला अर्धा तास तसाच जाऊ द्यावा. टर्बो पंपाच्या (वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी हवा उपसणाऱ्या) तोंडाशी जाळी हवी, नाहीतर पाती गेली. आणि उन्हाऐवजी लावायचा अतिनील दिवा बंद ठेवून तितकाच वेळ चित्रण केल्याशिवाय कुठलीच उडी मोजू नये.

दिव्यात पैसे वाचवू नका. बाजारातली ३६५ नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील) नळी इथे कुचकामी : तिचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा, तर कणातून इलेक्ट्रॉन उपटायला साधारण ५ लागतात. १७२ नॅनोमीटरचा झेनॉन एक्सायमर दिवा ७.२ देतो. मात्र साधी काच हा प्रकाश अडवते आणि हवेतला ऑक्सिजन तो गिळतो. तेव्हा दिवा कक्षातच बसवा किंवा मॅग्नेशियम फ्लोराइडची खिडकी घ्या. नुसत्या दिव्यावर उड्या तुरळक दिसतात. सोय असेल तर १२० इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन झोत जोडावा.

जमलं की कण काही सेंटिमीटर उडतात. गंमत म्हणजे उन्हात पृष्ठभाग धनभारित होत असताना उडणारे कण ऋणभारित निघतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या प्रयोगांनी याचा उलगडा केला : एका कणातून सुटलेले इलेक्ट्रॉन खालच्या फटीतल्या शेजारी कणांवर बसतात, फटीत ऋण भार साचतो आणि कण एकमेकांना ढकलतात. थर ठोकून दाबला तर या फटीच बुजतात, म्हणून माती सैल पसरावी.

उणीव आहेच. खऱ्या चंद्रमातीतले उल्काघातांनी वितळून चिकटलेले गोळे आणि अतिसूक्ष्म शुद्ध लोह हिच्यात नाही. उलट इथलं काही लोह ऑक्सिजनने गंजलेलं. म्हणून उडी कशी घडते हे पाहायला ही माती घ्या, भाराचे आकडे चंद्रावर चिकटवू नका. ध्रुवाजवळच्या उंच भागांसाठी तर हीच चुकीची निवड. तिथे अ‍ॅनॉर्थोसाइट हा फिकट खडक हवा. इस्रोने तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीच्या खडकापासून तशी माती केली आहे.

आणि आपला घाटातला बेसाल्ट दळून चालेल का? काळा, लोहयुक्त, फुकट. पण काच नगण्य आणि पोकळ्यांत झिओलाइट नावाचं खनिज. झिओलाइट पाणी धरून बसतो, ११० अंशांना तो दाद देत नाही आणि कक्षातला दाब उतरता उतरत नाही.