बाळमेंदूवर काम करायचंय? एनएमडीए घ्यायचा की अँपा

दरवर्षी डिझर्टेशनचे दिवस आले की एक-दोघं तरी विचारतातच, ताई मेंदूच्या सुरुवातीच्या वाढीवर करायचंय, ग्लुटामेट रिसेप्टर (मेंदूतल्या पेशी ज्या ग्लुटामेट रसायनाने एकमेकींना निरोप देतात ते पकडणारी प्रथिनं) घ्यायचे एवढं ठरलंय पण त्यातला एनएमडीए घेऊ की अँपा? म्हणून एकदा सविस्तर लिहितेय. माझा कल एनएमडीएकडे आहे हे आधीच सांगते, पण सगळ्यांना तोच घ्या म्हणणार नाही.

अँपाचं काम सरळ आहे. ग्लुटामेट येऊन चिकटलं की उघडला (हे रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यातली छोटी दारंच), सोडियम आत, काही मिलीसेकंदांत बंद. एनएमडीएच्या तोंडात मात्र मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं (हे १९८४ मध्ये कळलं), नुसतं ग्लुटामेट येऊन भागत नाही, सोबत ग्लायसिन किंवा डी-सेरीन लागतं आणि पेशी आधीच डीपोलराइझ झालेली (म्हणजे आतला ऋण व्होल्टेज कमी झालेली) लागते, तेव्हा कुठे बूच निघतं आणि मग सोडियमबरोबर कॅल्शियमही आत शिरतं. हे कॅल्शियमच पुढे ठरवतं की दोन पेशींमधली ही जोडणी (सायनॅप्स) पक्की करायची का सोडून द्यायची.

मोठेपणी मेंदूत बूच काढायचं काम मुख्यतः अँपा करतो. पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या मेंदूत बऱ्याच सायनॅप्सवर एनएमडीए असतो आणि अँपा नसतोच! १९९५ मध्ये दोन गटांनी असे सायनॅप्स हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मरणाशी जोडलेला भाग) दाखवले, त्यांना सायलेंट सायनॅप्स म्हणतात. सहा दिवसांच्या उंदराच्या पिल्लाच्या मेंदूची पातळ स्लाइस घ्या, पेशी उणे ७० मिलीव्होल्टला धरा आणि अगदी हलकं स्टिम्युलेशन द्या, स्क्रीनवर रेघ सपाट, काहीच नाही. तीच पेशी अधिक ४० ला न्या (या व्होल्टेजला बूच निघालेलं असतं), तेच स्टिम्युलेशन, आणि करंट वर चढतो आणि सावकाश, अगदी रेंगाळत खाली येतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या खोलीतून मैत्रिणीला ओढून आणलं होतं दाखवायला. मग बूच काढतं कोण? तर गाबा, पेशींमधलं निरोप देणारं दुसरं एक रसायन. मोठेपणी पेशीला गप्प करणारा गाबा या वयात उलट उत्तेजित करतो, कारण तेव्हा पेशीच्या आत क्लोराइड जास्त असतं. मला हा सगळा विषयच यासाठी आवडतो.

दुसरी गोष्ट सबयुनिटची, म्हणजे रिसेप्टर ज्या तुकड्यांचा बनतो त्यांची. एनएमडीएत लहानपणी २बी जास्त, तो हळू बंद होतो, आणि जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत २ए वाढत जातो, जो लवकर बंद होतो. तुमच्या लॅबमध्ये पॅच-क्लॅम्पची रिग (एकेका पेशीचा करंट मोजायची यंत्रणा) नसेल आणि हातात सहाच महिने असतील तर हेच घ्या, ३, ७, १४, २१ दिवसांच्या पिल्लांचा टिश्यू, वेस्टर्न ब्लॉट (टिश्यूत कुठलं प्रोटीन किती ते दाखवणारी चाचणी), आणि ही अदलाबदल ब्लॉटवर डोळ्यांनी दिसते. अँपाचं तसं नाही, तिथे पेशीत एकूण प्रोटीन किती यापेक्षा पडद्यावर किती हे महत्त्वाचं, त्यामुळे सरफेस बायोटिनायलेशन (पडद्यावरच्या प्रोटीनला खूण लावून वेगळं काढणं) वगैरे करावं लागतं आणि नवख्याचा त्यात फार वेळ जातो.

महत्त्व कुणाला जास्त म्हणाल तर उंदरांचंच बघा, एनएमडीएचं ग्लूएन१ हे सबयुनिट (म्हणजे त्याचं जीन) काढलं की पिल्लं जन्मल्यावर दिवसभरातच मरतात, २बी काढलं तरी जगत नाहीत, २ए काढलं तर जगतात. अँपाच्या सबयुनिटांपैकी ग्लूए१ किंवा ग्लूए२ एकेकटं काढून जगतात. बेडकांत तर तिसरा डोळा बसवला की मेंदूत दोन डोळ्यांचे वेगवेगळे पट्टे तयार होतात आणि एनएमडीए ब्लॉक केला की ते पट्टे विरघळतात, हे १९८७ चं काम आहे आणि अजूनही वाचून बघण्यासारखं.

मग अँपा कुणी घ्यायचा? ज्यांना अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूतल्या व्हाइट मॅटरच्या (मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचा भाग) इजेवर काम करायचंय त्यांनी डोळे झाकून घ्यावा. ग्लूए२ असलं की अँपातून कॅल्शियम जवळजवळ जात नाही, पण मायलिन (या तंतूंवरचं वेष्टण) बनवणाऱ्या कोवळ्या पेशींत त्या काळात ग्लूए२ कमी असतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की अँपातूनच कॅल्शियम घुसतं आणि त्या पेशी मरतात. अनुभवाने सायनॅप्स कसा बळकट होतो हा प्रश्न असेल तरीही अँपाच. कायनेट हा ग्लुटामेट रिसेप्टरचा तिसरा प्रकार यात मी धरत नाहीये, आणि फ्रॅजाइल एक्सवर (बौद्धिक अडचणींचा एक आनुवंशिक आजार) जायचं असेल तर एमग्लूआर५ या आणखी एका ग्लुटामेट रिसेप्टरबद्दल वाचा.

क्लिनिकल ओढ असेल तर मात्र एनएमडीए. जीआरआयएन२ए, जीआरआयएन२बी या (२ए आणि २बी बनवणाऱ्या) जीन्समधल्या बदलांमुळे मुलांत एपिलेप्सी, बौद्धिक अडचणी दिसतात. १९९९ मध्ये सात दिवसांच्या उंदरांत दिसलं की काही तास एनएमडीए ब्लॉक केला तरी न्यूरॉन मोठ्या प्रमाणात मरतात, केटामीन हे भुलीचं औषध याच रिसेप्टरला अडवतं, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त भूल देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी संस्था) २०१६ मध्ये इशारा दिला तो अशा प्राण्यांवरच्या अभ्यासांवरून. पण उंदराचं उचलून थेट बाळाला लावू नका, आईवडील घाबरतात, आणि गरजेचं ऑपरेशन लांबवणं हेही धोक्याचंच असतं.

रिग आहे आणि दोन-तीन वर्षं आहेत तर निवडूच नका, एकाच पेशीत दोन्ही मोजा आणि अँपा-एनएमडीए रेशो वयाप्रमाणे कसा बदलतो ते बघा. काहीही घेतलं तरी प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी टाका, तिला वेळ लागतो. आणि जन्माचा दिवस शून्य धरताय की एक ते पहिल्याच दिवशी वहीत लिहा, लॅबागणिक ते वेगळं असतं आणि या वयात एका दिवसाने ब्लॉट बदलतो.