पिस्टन बदलल्याचे पैसे घेतले, हेड उघडलंच नाही

ट्रकला टर्बो बसवून घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे पैसे गेले, इंजिनही गेलं.

मी काही अडाण्यासारखा गेलो नव्हतो. माझ्या पेट्रोल ट्रकचं कॉम्प्रेशन 10.5:1, म्हणजे पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण साडेदहा पट दाबतो. अशा इंजिनात टर्बोने आणखी हवा कोंबली की दाब आणि उष्णता वाढते, मिश्रण नको तिथे आपोआप पेटतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टन फुटतो. हे माहीत होतं म्हणूनच कमी दाबणारे 8.5:1 चे फोर्ज्ड (घडीव, मजबूत) पिस्टन, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि ईसीयू म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग असं सगळं मी गॅरेजवाल्याला लिहून दिलं. बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, 6 पीएसआयच्या (दाबाचं माप) वर नको, हेही लिहिलं.

पैसे तीन हप्त्यांत दिले. 40 टक्के आगाऊ, 35 टक्के ‘पिस्टन आले’ असा फोन आल्यावर, 25 टक्के किल्ली घेताना. 19 महिन्यांची बचत होती ती. ‘पिस्टन आले’ म्हणाला तेव्हा जाऊन खोकी बघायला हवी होती. मी फोटोवर भागवलं. फोटो कुणाच्याही पिस्टनचा असू शकतो.

पण खरी चूक गाडी ताब्यात घेतानाची. बॉनेट उघडं होतं, टर्बो चकाकत होता. मी खाली वाकलो. पिस्टन बदलायचे तर हेड, म्हणजे इंजिन ब्लॉकवरचं झाकण, काढावंच लागतं. पण हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर जुन्या तेलाचा आणि धुळीचा काळा थर होता, वरपासून खालपर्यंत सलग. मी अंगठ्याने पुसून पाहिला, निघेना. हेड काढून परत बसवलं असतं तर तो थर सांध्यावर तुटला नसता का? मी विचारलंसुद्धा. “काम करताना तेल सांडतंच,” म्हणाला. सांडलेलं तेल चार दिवसांत दगडासारखं होत नाही! हे तिथे उभं असताना सुचायला हवं होतं. रात्री घरी सुचलं, तोवर शेवटचा हप्ता देऊन झाला होता.

612 किलोमीटर चालली. चढाला लोड घेतला की खळखळ आवाज यायचा. “नवीन पिस्टन आहेत, बसतील,” हे त्याचं फोनवरचं उत्तर. मग निळा धूर. दुसऱ्या मेकॅनिकने सिलिंडरांतला कॉम्प्रेशनचा दाब मोजला: पाच सिलिंडरांत 185 पीएसआयच्या आसपास, तिसऱ्यात 40. इंजिन खोललं तर सहाही पिस्टन कंपनीचे जुनेच, तिसऱ्याची रिंगांमधली कड तुटलेली. बूस्ट 11 पीएसआयवर ठेवला होता. बूस्ट दाखवणारं गेज लावलंच नव्हतं, “गरज नाही” म्हणून. गेजला नाही म्हणणाऱ्याकडून गाडी तशीच परत आणा. काढलेले जुने पिस्टन हातात घेतल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका.

पोलिसांकडे गेलो. “पैसे तुम्हीच दिलेत, हा दिवाणी मामला.” ग्राहक तक्रारीला गेलो तर म्हणे गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक बसत नाही. विमावाले म्हणाले, बदल कळवला नव्हता. मग माणसाने जायचं कुठे? धंदा करणाऱ्याला लुटलं तर ती लूट नाही? परत पोलिसांकडे गेलो, तुटका पिस्टन टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उलटा करून पाहिला आणि विचारलं, “यावर तारीख कुठे आहे?”

बिलावर ‘पिस्टन 6 नग’ लिहिलंय, खाली त्याची सही आहे. दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल जोडलाय. पोलिसांकडच्या अर्जाला आज 47 दिवस झाले.