सिव्हिलायझेशन ६: सुरुवातीला नवी शहरं वसवायची की शेजाऱ्याची घ्यायची?

सिव्हिलायझेशन ६ हा पाळीपाळीने (टर्नने) खेळायचा साम्राज्य उभारण्याचा कॉम्प्युटर गेम खेळायला घेतला की पहिल्या, म्हणजे प्राचीन युगात तीन वाटा समोर असतात. एकामागून एक सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) काढायचे, आर्चर (तिरंदाज) जमवून शेजाऱ्यावर चालून जायचं, किंवा आधी राजधानीच भरभक्कम करायची. तिन्हींचे कट्टर पाठीराखे भेटतात. माझ्या मते हा निर्णय पहिल्या टर्नला घ्यायचाच नसतो. शेजारी किती लांब आहे हे स्काउटने (टेहळणी युनिटने) दाखवेपर्यंत तिन्ही वाटा एकच असतात. (खालचे आकडे गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारासह, स्टँडर्ड स्पीडचे; युनिट आणि इमारतींच्या किमती प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे शहराच्या उत्पादनशक्तीत.)

आधी तो सामाईक भाग. शहराला गोडं पाणी मिळालं तर हाउसिंग (किती लोक सुखाने राहतील ती मर्यादा) ५, नुसता समुद्र असेल तर ३, दोन्ही नसेल तर २. लोकसंख्या हाउसिंगला भिडायला आली की वाढ निम्म्यावर येते, त्यामुळे नदीसाठी एकदोन टर्न चालत जाणं परवडतं. पाच टर्न भटकणं नाही परवडत. नदीकाठी प्लेन्सची (मैदानी) टेकडी सापडली तर डोळे मिटून तिथेच वसवा, कारण शहराच्या टाइलवर (नकाशाच्या घरावर) १ ऐवजी २ प्रॉडक्शन मिळतं. पहिल्या टर्न्समध्ये तो एक जास्तीचा हातोडा (प्रॉडक्शनची खूण) फार मोठा असतो.

मग ३० चा स्काउट आणि त्यामागून ३५ चा स्लिंगर (गोफणवाला). स्लिंगर दिसायला फुसका, पण त्याच्या हातून एखादं युनिट मेलं तर आर्चरीचा (आर्चर मिळवून देणाऱ्या तंत्राचा) ४० टक्के अभ्यास फुकटात होतो. म्हणून बार्बेरियनला (कोणाच्याच नसलेल्या लुटारू टोळीच्या युनिटला) आधी वॉरियरने अर्धमेलं करायचं आणि शेवटचा दगड स्लिंगरला मारू द्यायचा. बार्बेरियन स्काउटच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसलं तर बाकी सगळं सोडून त्याच्या मागे लागा. त्याने तुमचं शहर पाहिलेलं असतं; तो छावणीत परत पोचला की टोळी आलीच म्हणून समजा.

आता खरा फाटा. आठदहा टाइलच्या आत कोणीच शेजारी नसेल तर वसाहतीची वाट. पहिला सेटलर ८० ला, पुढचा ११० ला, आणि असं दर वेळी ३० ने चढत जातं. शिवाय शहराची लोकसंख्या किमान २ लागते, आणि सेटलर निघाला की त्यातला एक कमी होतो. महाग वाटतं खरं, पण हिशेब वेगळीकडे बसतो. डिस्ट्रिक्ट (शहराचे खास विभाग) लोकसंख्येवर मिळतात: पहिला १ वर, दुसरा ४ वर, तिसरा ७ वर. म्हणजे चार किरकोळ गावांत चार कॅम्पस (विज्ञानाचे डिस्ट्रिक्ट) उभे राहतात. एका मोठ्या राजधानीत कॅम्पस एकच. एकूण लोकसंख्या ६ झाली की अर्ली एम्पायर या सिव्हिकचं (संस्कृतीतून शिकायच्या टप्प्याचं) इन्स्पिरेशन, म्हणजे अभ्यासात फुकटची उडी मिळते, आणि त्या सिव्हिकमधून येणारं कॉलनायझेशन हे धोरणाचं कार्ड लावलं की सेटलरवरचं प्रॉडक्शन ५० टक्क्यांनी वाढतं. दुसरा-तिसरा सेटलर त्या कार्डाखाली काढणं शहाणपणाचं. या वाटेवरचे धोके दोन: सेटलरला एकटं पाठवलं तर बार्बेरियन पळवतात, आणि दुसऱ्याच्या मोठ्या शहरांच्या फार जवळ वसवलं तर लॉयल्टी (शहराची निष्ठा) घसरून शहर हातचं जातं. लॉयल्टीचा हा दाब ९ टाइलपर्यंत पोचतो.

शेजारी जवळ असेल तर हिशेब उलटा होतो. तीन स्लिंगर आणि एक वॉरियर मिळून १४५. दोन सेटलर १९०. स्लिंगरचे आर्चर करायला वरून थोडं सोनं लागतं, पण त्यातून दोन शहरं मिळाली तर सौदा स्वस्तातच पडला. मात्र आर्चरची ताकद शहरावर १७ ने कमी भरते, आणि शहर ताब्यात घेता येतं ते फक्त वॉरियरसारख्या मेली (समोरासमोर लढणाऱ्या) युनिटला. वॉरियर मेला तर आर्चर बाहेर नुसते बाण मारत बसतात. शेजाऱ्याने तटबंदी उभारली की शहर स्वतःच बाण सोडायला लागतं आणि ही वाट बंद झाली असंच धरा. डेइटीवर, म्हणजे सगळ्यांत अवघड पातळीवर, एआय (कॉम्प्युटर चालवतो तो प्रतिस्पर्धी) तीन सेटलर आणि पाच वॉरियर घेऊन उतरतो, शिवाय लढाईत त्याला ४ ची वाढीव ताकद असते. तरीही मला या पातळीवर हल्लाच बरा वाटतो, कारण वसवण्याच्या शर्यतीत तो आधीच दोन शहरं पुढे असतो. त्याचा एखादा सेटलर मोकळा फिरताना दिसला तर युद्ध पुकारून वॉरियरने तो उचलायचा. ८० प्रॉडक्शन वाचतं, लाजायचं कारण नाही.

कधीकधी निवड सिव्हिलायझेशननेच करून ठेवलेली असते. सुमेरचा वॉर-कार्ट (युद्धरथ) पहिल्या टर्नपासून बनवता येतो आणि त्याची ताकद ३०. साध्या वॉरियरची २०. नुबियाचे पिताती आर्चर आणि अ‍ॅझटेकांचे ईगल वॉरियर याच पठडीतले. ट्राजनचा रोम मात्र वसवण्यासाठीच आहे, कारण प्रत्येक नव्या शहरात मॉन्युमेंट ही इमारत फुकट उभी राहते. चंद्रगुप्त घेऊन लगेच लढायला निघणाऱ्यांनी थोडं थांबावं. त्याचा युद्ध पुकारण्याचा खास प्रकार मिलिटरी ट्रेनिंग या सिव्हिकनंतर उघडतो, म्हणजे प्राचीन युगात त्याचा उपयोग नाही.

राहिली तिसरी वाट, राजधानी भरभक्कम करण्याची. स्टोनहेंज हे वंडर (जगात एकदाच बांधता येणारी वास्तू) १८० ला, म्हणजे जवळजवळ दोन सेटलर. प्रिन्स या मधल्या पातळीवर हौस म्हणून बांधा. वरच्या पातळ्यांवर ते बहुतेकदा दुसराच कोणीतरी आधी उरकतो. या वाटेतलं उचलण्यासारखं एकच: ५० चा एक बिल्डर (शेतं, खाणी उभारणारं युनिट). त्याने तीन टाइल सुधारल्या की क्राफ्ट्समनशिप या सिव्हिकचं इन्स्पिरेशन मिळतं, तिथून अगोगे कार्ड येतं, आणि आर्चर-वॉरियर दीडपट वेगाने निघतात.

अजूनही ठरत नसेल तर स्काउटनंतर दोन स्लिंगर काढा आणि मग एक सेटलर. शेजाऱ्याच्या शहराला तट नसेल तर तिसरा स्लिंगर जोडून पुढे व्हा. तट दिसला तर माघारी फिरा आणि तेच दोघं सेटलरच्या सोबतीला द्या.