जाणाऱ्या पैशाला दोन कुलपं, येणाऱ्याला एकही नाही

तीन बिलं. ₹४,१२,३८०, ₹२,८६,७४० आणि ₹१,९७,६५०. एकूण ₹८,९६,७७०. पार्ट्यांनी, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांनी, पै न पै भरली, आमच्या खात्यात मात्र काही आलं नाही. हॅकर-बिकर कोणी नाही, सहा वर्षं अकाउंट्सला बसलेला आमचाच माणूस.

पद्धत इतकी साधी की सांगायलाही लाज वाटते. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिलावर बँकेचा तपशील बँक लेजरमधून (त्यातल्या बँकेच्या नोंदीतून) येतो. तिथला खाते क्रमांक आणि आयएफएससी बदलायचा, पीडीएफ काढायची, क्रमांक परत जागेवर. ई-इनव्हॉइसचा (जीएसटीच्या ऑनलाइन बिलाचा) क्यूआर अस्सल, कारण त्यात बँक खातं नसतंच. खातेदाराचं नाव आमचंच ठेवलं, कारण एनईएफटी जमा होते ती क्रमांकावर, नावावर नाही. जुन्या पार्ट्यांकडे आमचं खातं आधीच नोंदलेलं, म्हणून पठ्ठ्याने दोन नव्या निवडल्या. पार्टीच्या ज्या मेलमध्ये 'पेमेंट' हा शब्द, ती थेट ट्रॅशमध्ये जाईल असा फिल्टर जीमेलला लावलेला. आम्ही मेल बघतो फोनवर, आणि फोनच्या ॲपमध्ये फिल्टर दिसतच नाहीत. कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग दोन्ही उघडा, आजच. नुसता पासवर्ड बदलून ते जात नाहीत.

आम्ही काही झोपलेलो नव्हतो. नेट बँकिंगला मेकर-चेकर होता (एकाने पेमेंट टाकायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं), ओटीपी मालकाच्याच फोनवर. पण ती सगळी राखण जाणाऱ्या पैशाची. येणारा पैसा कोण राखणार, हे डोक्यातच आलं नाही.

आणि कळायला हवं होतं तो क्षण? पहिल्या बिलाच्या वेळी पार्टीच्या परचेसवाल्याचा फोन आला होता. 'साहेब, कोटेशनवर एक खातं, बिलावर दुसरं. कुठल्यात भरू?' आम्ही उत्तर काय दिलं, तर 'अकाउंट्सला सांगतो, ते फोन करतील.' म्हणजे चोरालाच विचारायला लावलं! ते बिल उघडून बघायला एक मिनिट लागलं नसतं. पुढची दोन बिलं त्या एका वाक्यामुळे गेली.

बाकी लक्षणं आता रांगेने दिसतात. सलग दोन दिवस कधी रजा नाही (आम्ही कौतुक करायचो). वसुलीचा फोन दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही. 'पार्टीने नव्वद दिवस मागितलेत' हे फक्त त्याच्याच तोंडून. टॅलीचा ॲडमिन पासवर्ड सगळ्यांना एकच. एडिट लॉग, म्हणजे हिशेबातल्या बदलांची आपोआप होणारी नोंद, कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा, आमची भागीदारी, म्हणून बंदच ठेवलेला. चालू असता तर लेजरमधला प्रत्येक बदल वेळेसकट सापडला असता. येणे बाकी किती, याची खातरजमा दर महिन्याला पार्टीकडून लेखी घ्या, आणि ती अकाउंट्सबाहेरच्या माणसाने घ्यावी.

तक्रारीची कथा तर वेगळीच. आमची बँक म्हणते, तुमच्या खात्यातून काही गेलंच नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगतात, ज्याने पैसे पाठवले त्याने तक्रार करायची. पार्टी म्हणते, आम्ही भरले, आमचा विषय संपला. पोलीस स्टेशनात 'हा तुमचा आतला, दिवाणी मामला'. नोकराने केलेला विश्वासघात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(४) खाली येतो, दिवाणी कसला? तेव्हा सायबर पोलिसांकडे पाठवलं, त्यांनी हद्दीचं कारण काढून परत. आयटी कायद्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्याच अधिकाऱ्याने करायचा, आणि निरीक्षक साहेब बंदोबस्तात. भरपाईसाठी त्याच कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या आयटी सचिवांकडे वेगळा अर्ज होतो, हे एकानेही सांगितलं नाही.

त्याचा कॉम्प्युटर नव्या मुलासाठी फॉरमॅट करू नका. आम्ही केला. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र कशाचं द्यायचं? उरल्यात त्या पार्टीकडच्या मूळ पीडीएफ. त्या पेनड्राइव्हवर घेऊन गेलो, तर हवालदार म्हणाले, 'हे राहू द्या, झेरॉक्स आणा. तीन प्रती.'