डिझाइनचं कार्पेट टाकायचंय: रोल घ्यावा की टाइल्स?

टिळकवाडीत आमच्या माडीवर 22 बाय 16 चा हॉल आहे, तिथं आधी कार्पेटच्याच चौकोनी टाइल्स होत्या आणि आता रोल, म्हणजे दोन्हीचं करून झालंय.

टाइल्सची सोय मी नाकारत नाही. पावसाळ्यात खिडकीतून पाणी आलं की भिजलेल्या चार उचलायच्या, वाळवायच्या, परत बसवायच्या. ऑफिस असेल, चाकाच्या खुर्च्या असतील तर डोळे झाकून टाइल्सच घ्या.

पण माझ्या टाइल्स फुलांच्या होत्या आणि तिथंच घोटाळा झाला. 50 सेंटीमीटरच्या टाइल्स, म्हणजे या हॉलला जवळपास 140, आडव्या-उभ्या मिळून 22 जोडरेषा, आणि प्रत्येक रेषेवर फूल केसभर तुटलेलं. बसवल्या त्या दिवशी कळलं नाही, सकाळी कोवळं ऊन आडवं आलं आणि अख्ख्या हॉलचा बुद्धिबळाचा पट झाला. चार वर्षं मी चहा पिताना तेच बघत बसलो. प्लेन किंवा चट्ट्यापट्ट्याचं डिझाइन असतं तर कदाचित चाललं असतं म्हणा.

रोल 12 फुटी, म्हणजे दोन पट्ट्या आणि एकच जोड. खर्च मात्र वाढतो बघा, आमचं फूल दर 3 फुटांनी परत येतं म्हणून दुसरी पट्टी 16 ऐवजी 18 फूट कापावी लागली, वरचं वाया. दुकानदार हे आधी सांगत नाही, तुम्हीच विचारून घ्या.

फिटर वडगावचा, घरात पूर्वी माग होता. आल्या आल्या कात्री काढली नाही, आधी दोन्ही पट्ट्यांवर हात फिरवून लव एकाच बाजूला झुकलीय का बघितलं, उलटी पडली तर एकाच रोलचे दोन रंग दिसतात म्हणे. मग दोरी ताणून डिझाइन वाकडं गेलंय का ते पाहिलं. एका टोकाला अर्धं बोट फरक निघालाच, तेव्हा गुडघ्यानं रेटायच्या किकरनं ती पट्टी हळूहळू ओढून घेतली, साडीचे काठ जुळवतात तसं, फूल फुलाला लागेपर्यंत. कापलेल्या कडांचे धागे सुटू नयेत म्हणून सीलर लावला, जोडाखाली टेप, त्या टेपवर गरम इस्त्री पुढं सरकतीय आणि मागून हात दाबत जातोय. जोड खिडकीकडं तोंड करून, म्हणजे ऊन त्याच्या लांबीवरनं जातं, सावली पडत नाही. या एका जोडाला अख्खी दुपार गेली, मी दोनदा चहा दिला.

हातचा फिटर नसेल तर रोलच्या नादी लागू नका, वाईट जोड टाइल्सपेक्षा वाईट दिसतो. असेल तर... बघा काय ते.

परवा सासरे आले होते, जोड कुठाय म्हणून गुडघ्यावर बसून शोधत होते, शेवटी सोफ्याच्या पायाशी बोट ठेवलं. तिथं नव्हता.